डाव्या पिळाची दमणी

ते पुस्तक माझ्या वयाच्या बाईसाठी लिहिलेलं नव्हतं, हे मुखपृष्ठावरूनच कळत होतं. काळ्या आभाळात काचेचं शहर, खाली पाठमोरी उभी असलेली सोळा-सतरा वर्षांची मुलगी आणि तिच्या मनगटावर रक्ताचा ठिपका. इंग्रजी, चांगलं जाडजूड. माझी भाची अकोल्याला दोन दिवस राहून अमरावतीला परत गेली आणि ते पुस्तक जठारपेठेतल्या माझ्या घरी कूलरवर विसरली. मी फोन केला तर म्हणाली, "राहू दे मावशी. वाचून तं पाह्य. तुले आवडीन."

भाची म्हणजे माझ्या चुलत बहिणीची मुलगी. चोवीस वर्षांची, नोकरी करणारी, मेअखेरीला लग्न ठरलेली, पण पुस्तकं अजून शाळकरी पोरींची वाचते. मी आयुष्यभर शाळेत चित्रकला आणि हस्तकला शिकवली, गेल्या वर्षी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. इंग्रजी कादंबरीच्या वाटेला कधी गेले नव्हते. पण एप्रिल सुरू होता, दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती आणि मोबाईलमध्ये शब्दकोश होता. पहिल्या दिवशी बारा पानं झाली. चौथ्या दिवशी मी वरण गॅसवर ठेवून वाचायला बसले आणि पातेलं करपून काळं होईपर्यंत उठले नाही.

गोष्ट मुळात जुनी आहे. आमच्या शाळेच्या वाचनालयात तिचं मराठी भाषांतर होतं. एक राजकन्या लग्नासाठी दूर देशी निघते. वाटेत तिची दासी तिचे कपडे काढून घेते, तिच्या घोड्यावर बसते आणि कुणाला सांगशील तर खबरदार, अशी शपथ घालते. दासी राणी होऊन बसते आणि राजकन्या बदकं राखते. या नव्या पुस्तकात हे सगळं दोन-तीनशे वर्षं पुढे नेलं होतं. माणसं कुठल्याशा चंद्रावर काचेखाली राहतात. प्रत्येकाच्या मनगटात मसुराच्या डाळीएवढी एक चकती असते आणि दारं त्या चकतीला ओळखून उघडतात. सोबतीण प्रवासात राजकन्येच्या मनगटातली चकती कापून काढते आणि स्वतःच्या हातात बसवते. झालं, ही राजकन्या आणि ती कुणीच नाही. मग खरी मुलगी शहराच्या काचा पुसणारी बदकाएवढी उडती यंत्रं राखायला लागते. शेकडो यंत्रं, आणि एकही सरळ चालत नाही. तो भाग वाचताना मी एकटीच मोठ्यानं हसत होते.

घोड्याच्या जागी बोलणारं यान होतं. त्यानं खरं सांगू नये म्हणून सोबतीण त्याला मोडीत काढायला लावते, पण त्याचा आवाजाचा डबा वेशीवर टांगतात, वेळा सांगायला. रोज सकाळी मुलगी खालून जाते तेव्हा तो डबा हळूच म्हणतो, तुझ्या आईला हे कळलं असतं तर तिचं काय झालं असतं. त्या वाक्याला मी पुस्तक मिटलं. उठून माठातलं पाणी प्यायले, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन तेच पान उघडलं.

मला ती गोष्ट आवडली यात काही शंका नाही. पण नुसतं आवडणं आणि सात-सात वेळा एकच पान वाचणं यात फरक असतो. ते पान शेवटाजवळचं आहे. शहराचा म्हातारा कारभारी सगळं समजल्यावर त्या खोट्या राजकन्येला शेजारी बसवून सहज विचारतो, की एखादीनं दुसरीचं नाव आणि जागा बळकावली तर तिचं काय करावं? आणि ती बया जेवता जेवता उत्तर देते. म्हणते, तिची चकती काढून घ्यावी, मग कुठलंच दार तिला ओळखणार नाही. आपण आपलीच शिक्षा सांगतोय हे तिच्या गावीही नसतं. मी तिथे आले की मांडीवर थाप मारायची. माझ्या डोळ्यांपुढे त्या बाईचा चेहरा माझ्या ताईचाच होता.

ताई म्हणजे तीच चुलत बहीण, भाचीची आई. माझे बाबा चांदूर रेल्वेला शाळामास्तर होते. कॉलेजसाठी मला अमरावतीला मोठ्या बाबांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे ठेवलं. मी एकोणीस वर्षांची असताना ताईचं लग्न ठरलं आणि रुखवत करायचं काम माझ्याकडे आलं. नवरीनं आपल्या हातानं केलेल्या वस्तू लग्नात मांडतात आणि नवऱ्याकडच्या बायका त्या निरखून मुलीची परीक्षा करतात, हे काही नव्यानं सांगायला नको. ताईला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तिला बोलता येत होतं आणि ते अजूनही उत्तम येतं, हे मी नाकारत नाही.

सात महिने मी करत होते. खोबऱ्याच्या वाट्यांवर नक्षी कोरली, सुपाऱ्यांना लुगडी-फेटे नेसवून अख्खी वरात उभी केली. पण माझा जीव होता तो दमणीत. दमणी म्हणजे आमच्याकडची बसायची हलकी बैलगाडी, पूर्वी नवरी तिच्यातून सासरी जायची. मी ती पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाच्या, काड्यांची केली. चाकाच्या आऱ्या एकेक तासून बसवल्या. आत सुपारीची नवरी बसवली आणि बैलांचे कासरे बोंडातल्या कापसाचे वळले, शिवायच्या दोऱ्याइतके बारीक. मी डावखुरी आहे. त्यामुळे माझ्या दोरीचा पीळ इतरांच्या उलट्या बाजूनं पडतो. याच कारणानं त्या घरात मला देवाच्या वाती वळू देत नसत.

लग्नाच्या चार दिवस आधी मोठी आई, म्हणजे ताईची आई, मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लावून म्हणाली, "डाव्या हातचं रुखवत म्हनलं तं पाहुने नाक मुरडतीन. अपशकून नको. हे पोरीनं केलं, असंच सांगायचं. तुह्या मायची आन हाय तुले, कोनाले सांगशीन तं."

आईची आन मोडली तर आई मरते. मी विज्ञान शाखेला होते, बेडूक चिरत होते, आणि तरी मला हे पक्कं ठाऊक होतं. मी मान हलवली.

लग्नात पाटीवर ताईचं नाव होतं, खाली 'स्वहस्ते' असं वळणदार अक्षरात. ते अक्षरही माझंच. नवऱ्याकडच्या एक आत्याबाई हस्तकलेचे वर्ग चालवायच्या. त्या दमणीपाशी अर्धा तास उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिथल्या तिथे नव्या सुनेला आपल्या वर्गात शिकवायला बोलावलं. ताई गेली. स्वतः काही न करता दुसऱ्यांकडून करून घ्यायचं कसब तिला उपजत होतं. पाच-सात वर्षांत अमरावतीत कुठलीही रुखवत स्पर्धा तिच्याशिवाय होईना. परीक्षक म्हणून नारळ, शाल, हार. दमणी तिच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत गेली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली जाऊ लागली. मी गेले की मलाही दाखवायची, मी ती पहिल्यांदा बघत असल्यासारखी. एकदा तर म्हणाली, "पाह्य न, कसं सुचलं असंन मले तवा." मी पोहे खात होते. तेवढेही मी संपवले, याचा मला अजून राग येतो.

पण खरा राग त्याचा नव्हे. त्या लग्नाला आई आली होती. तिनं दमणी पाहिली, वाकून कासरा दोन बोटांत धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग मला हात धुवायच्या जागी गाठून विचारलं, "हे तू केलं न वं?" लहानपणी मी डाव्या हातानं लिहिते म्हणून बाकीच्यांनी ओरडावं आणि आईनं पाटी पुन्हा माझ्या डाव्या हातात द्यावी, असं चालायचं. तिला मी तोंडावर म्हटलं, "नाई आई. ताईनं केलं." खरं बोलले असते तर ती मेली असती ना. आई म्हणाली, "बरं." त्यानंतर चौतीस वर्षांत तो विषय तिनं काढला नाही. गेल्या दिवाळीच्या आधी ती गेली. आपल्या मुलीच्या हातून असं काही कधी झालं नाही असं समजून गेली, असं मी धरून चालले होते.

पुस्तक दुसऱ्यांदा वाचून संपलं त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. "आता तं रिकामीच हायेस तू. पोरीचं रुखवत तूच कर. नाव पोरीचं लावू, दुसरं काय." तिच्या आवाजात संकोचाचा लवलेश नव्हता. मी म्हटलं, करते. इतक्या पटकन म्हटलं की तिनंच पुन्हा एकदा विचारून खात्री केली.

उट्टं काढायचं हे मी फोन ठेवायच्या आधीच ठरवलं होतं. कसं, हे पुस्तकात छापलेलं होतं. मी भाचीला विचारलं की तुझ्या त्या चंद्रावरच्या गोष्टीचंच रुखवत केलं तर? ती फोनवरच नाचली. म्हणाली, "मावशी, असं रुखवत कोनीच पाह्यलं नसंन."

आणि खरंच कुणी पाहिलं नव्हतं. जुन्या बांगड्यांच्या काचेचं शहर केलं, नारळाच्या करवंटीचं यान केलं. सुपाऱ्यांना चंदेरी कागदाचे अंगरखे घातले. राजकन्येच्या मनगटावर खरी मसूर डाळ चिकटवली आणि पुढच्या ताटात तीच डाळ सोबतिणीच्या मनगटावर. उडत्या बदकांसाठी सरकी वापरली, तारेवर डोलणारी. करताना इतकी मजा येत होती की आपण हे सूडासाठी करतोय हे मी अधूनमधून विसरायची. मग आईचा फोटो दिसायचा आणि पुन्हा आठवायचं. शेवटच्या ताटात खरी राजकन्या आपल्या जागी परत जाते. तिच्यासाठी मी पुन्हा दमणी केली, पऱ्हाटीचीच, पण बिनचाकाची, अधांतरी तरंगणारी. पुढच्या काळात बैल नसतील, पण कासरे मी ठेवले. बोंडातल्या कापसाचे, हातानं वळलेले.

एक गोष्ट मी नीट विचार करून ठरवली. हे सगळं मुलाकडच्यांपुढे करायचं नाही. माझं वैर ताईशी आहे, तिच्या लेकीशी नाही. मांडवाच्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी, आमच्याच घरच्या बायका रुखवत बघायला बसतात. चौतीस वर्षांपूर्वी ताईचं कौतुक करणाऱ्याही त्याच होत्या. मला त्याच हव्या होत्या.

अमरावतीला ताईच्या घरी ताटं मांडून झाली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. वीसेक बायका सतरंजीवर, मोठी आई खुर्चीत. पंच्याऐंशीच्या पुढे गेली असेल, पण कान शाबूत. ताईनं हॉलमधली काचेची पेटी आपणहून आणून माझ्या नव्या दमणीशेजारी ठेवली. "मायचं अन् लेकीचं, सोबतच राहू दे," म्हणाली. मी तिला हे सुचवायचं कसं याचा चार दिवस विचार करत होते.

भाचीनं गोष्ट सांगितली. छान सांगते, आईचाच वारसा. चकती चोरीला गेली तेव्हा बायका चुकचुकल्या, सरकीच्या बदकांना हसल्या. वेशीवरचा डबा काय म्हणतो हे तिनं सांगितलं तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत होते. ती शेवटच्या ताटाशी आली आणि म्हाताऱ्या कारभाऱ्याचं नाव काढलं, तशी मी म्हटलं, "थांब. इथं तुह्या आईले विचारू. ताई, तू तं परीक्षक हायेस. दुसरीचं नाव अन् दुसरीची जागा आपली म्हनून मिरवनाऱ्या बाईचं काय करावं? तूच सांग."

ताई खुलली. चारचौघींत तिचं मत विचारलं की ती अजून तशीच खुलते. पदर सावरून म्हणाली, "कराले काय लागते? सगळ्यायसमोर उभं करा अन् तिच्याच तोंडून वदवून घ्या, का बाप्पा हे माह्यं नाई. अन् जिचं हाय तिच्या हातात देऊन टाका. तेवढी लाज पुरते बाईले." बायकांनी माना डोलावल्या. कुणीतरी "बरोबर बोलली" असंही म्हटलं.

मी पेटीची काच उचलली. जुनी दमणी बाहेर काढून नव्या दमणीला लागून ठेवली आणि पिशवीतून कापसाचा पुंजका काढून ताईपुढे धरला. "एवढा कासरा वळून दाखव. वीतभर. जुन्या दमणीले हाय तसाच."

ताई हसत होती. मग तिची नजर त्या दोन दोऱ्यांवर गेली. दोन्हींचा पीळ एकाच बाजूचा होता, उलटा. भाचीनंही ते पाहिलं. कापूस पिकवणाऱ्या घरातल्या बायका होत्या सगळ्या, कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पुढे बसलेल्या दोघी-तिघी गुडघ्यांवर सरकत जवळ आल्या.

खुर्चीतून मोठी आई म्हणाली, "पुरे कर वं आता."

मी म्हटलं, "मोठी आई, आन माह्या आईची होती. आई गेली."

ताईनं कापूस हातात घेतला, उजव्या हातानं एकदा फिरवला आणि सतरंजीवर ठेवून दिला. मग खाली बघत पुटपुटली, "हे माह्यं नाई."

मी म्हटलं, "मांगच्यायले आयकू नाई आलं."

तिनं मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्याची दया आली नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "दमणी माह्यी नाई. रुखवतातलं काईच माह्यं नव्हतं. इनं केलं होतं." आणि दमणी उचलून माझ्या हातात दिली. तिनंच सांगितलेली शिक्षा, कानामात्रेचा फरक न करता. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. कढईत मोहरी तडतडावी तसा आनंद झाला.

बायका उठून पाण्याचं, जेवणाचं बघायला लागल्या. भाची ताटांवरची आपल्या नावाची पाटी काढून दुसरी लिहायला बसली. त्यावर माझं नाव होतं आणि खाली 'डाव्या हातानं केलेलं'. दुसऱ्या दिवशी तिनं तीच पाटी लग्नात लावली. तिच्या सासूनं ती वाचली आणि माझ्याकडे येऊन सुपारीला अंगरखा कसा चिकटवला ते विचारलं. अपशकुनाचं कुणी काही बोललं नाही.

लग्नाच्या संध्याकाळी मी निघायची तयारी करत होते तेव्हा ताई आतल्या खोलीत आली. दार लावून पलंगाच्या कडेवर बसली. म्हणाली, "काकूले मालूम होतं." काकू म्हणजे माझी आई. मी हातातली साडी खाली ठेवली.

"माह्या लग्नाले वर्ष झालं असंन. काकू एकटीच आली होती चांदूरहून. म्हने, ते दमणी मले दे. माह्या पोरीच्या हातची हाय, मी ठेवतो. मी म्हनलं, नाई काकू, माह्या हातची हाय. अन् दारापासून परत पाठवलं. साधा चहाबी नाई ईचारला."

"मग? काय म्हनली आई?"

"बरं म्हनली. अन् गेली."

मी बसले. म्हणजे त्या दिवशी हात धुवायच्या जागी ती माझ्या उत्तराला फसली नव्हती. मला कसली तरी भीती घातली आहे हे तिनं ओळखलं, आणि मला दुसऱ्यांदा खोटं बोलायला लागू नये म्हणून पुन्हा विचारलं नाही. आणि तरीही उन्हातान्हात गाडीत बसून ती दमणी मागायला आली, आणि रिकाम्या हातानं परत गेली. मला कधी कळू दिलं नाही. चौतीस वर्षं मी मनातल्या मनात तिला समजावत होते आणि तिला ते सगळं आधीच माहीत होतं. मला रडू आलं. ते थांबल्यावर, आदल्या दिवशीचा राग काहीच नव्हता असं वाटावं इतका नवा राग आला. माझं नाव घेतलं ते एक वेळ सोडलं असतं. माझ्या आईला दारातून परत पाठवलं.

ताई म्हणाली, "आता सगळं सांगून टाकलं तुले. माफ कर न वं."

मी बॅग उचलली आणि निघाले. बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत रेल्वेत दमणी मांडीवर घेऊन बसले. एका चाकाची आरी हलली होती, ती घरी आल्या आल्या बसवली. दमणी आता आईच्या फोटोखाली आहे. काच घातलेली नाही, धूळ बसते, मी रोज झटकते. शेजारी भाचीचं ते पुस्तक आहे. मी ते परत पाठवायला निघाले होते, तर ती म्हणाली, ठेव, तुह्याचसाठी सोडलं होतं. लहानपणापासून घरात एकदाही आईला वात वळताना पाहिलं नव्हतं तिनं, तेव्हा ती दमणी माझीच असणार हे तिनं आधीच ताडलं होतं.

ताई दर रविवारी फोन करते. तब्येत विचारते, जावयाचं सांगते, आणि ठेवायच्या आधी दर वेळी एकच विचारते, "झालं गेलं. माफ केलं न वं मले?"

मी म्हणते, "बरं." आणि फोन ठेवते.